अकरा हजारांची तार आणि आमचे घर



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली, तेव्हापासून या व्यासपीठांवर मोठमोठे पंडित बोलत आले आहेत. परवा येथे संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, काल राज्यघटनेवर झाले. आज आपल्यापुढे उभा असलेला माणूस सातवी शिकलेला आहे आणि त्याचा विषय आहे भिंतीतली वायर. आम्ही 'आम्ही' म्हणतो यात कोणी मोठेपणा समजू नये. युनियनमध्ये तीस-बत्तीस वर्षे काढली की 'मी' हा शब्द जिभेवरून जातो. मागण्यांच्या कागदावर तो कधी लिहायची वेळच येत नाही.

आमचे गाव डिंगोरे. ओतूर सोडून माळशेजच्या बाजूला निघालात की कल्याण रस्त्यावर लागते. वयाच्या अठराव्या वर्षी पिंपरीच्या बाजूला एका कारखान्यात लागलो, पण घर गावातच राहिले. घरी थोरले बंधू, वहिनी, पुतण्या आणि त्याची दोन मुले. गेल्या वैशाखात आम्ही चार दिवसांसाठी गावी गेलो होतो. संध्याकाळी वळीव आला. माळशेजकडून काळे ढग उठले, वारा सुटला, आणि पाऊस पडायच्या आधीच गावाच्या कडेला मोठा आवाज झाला. वहिनी चुलीपाशी होत्या. ओटीवरची ट्यूबलाइट एकदम इतकी पांढरी झाली की दुपार वाटावी, आणि फुटली. मीटरच्या पेटीतून ठिणग्या उडाल्या. टीव्हीच्या मागून धूर निघाला. सगळे किती वेळ चालले म्हणाल तर एक अभंग सुरू करून ध्रुवपद म्हणावे इतकाही नाही. मग अंधार.

अंधार झाला तेव्हा आम्हाला बरे वाटले. वाटले, संपले. पुतण्याने आणि गावातल्या आणखी दहा-पंधरा जणांनी आपापल्या मोबाइलवरून उपकेंद्राला फोन लावले. काय सांगितले? तार तुटली असे कोणी सांगितले नाही, कारण कोणी पाहिलीच नव्हती. सगळ्यांनी एकच विचारले, "लाइट कधी येणार?" उपकेंद्रावर त्या रात्री एकच माणूस पाळीवर असणार. एवढ्या फोनांच्या मधे त्याने जे अशा वेळी करतात ते केले. लाइन पुन्हा चालू करून पाहिली. याला त्यांच्या भाषेत 'ट्रायल' म्हणतात. वाऱ्याने फांदी लागून गेली असेल तर ट्रायल टिकते आणि लोक खूश होतात. तार खाली पडलेली असेल तर काय होते ते आम्ही पाहिले. पहिल्या झटक्यात वाचलेली घरे दुसऱ्या झटक्यात गेली. मागल्या आळीत एका घरी पीठगिरणीची मोटर जळाली, ती या दुसऱ्या वेळी. 'लाइट कधी येणार' विचारणाऱ्यांत आमच्या घरचा फोन होता, हे आम्ही येथे सांगून टाकतो.

झाले होते असे. गावाच्या कडेने अकरा हजार व्होल्टची लाइन जाते. तिच्याखालून घरांना वीज देणारी लघुदाबाची लाइन आडवी जाते. वरची तार जोडापाशी तुटली आणि खालच्या तारांवर पडली. डीपी कशासाठी असते? अकरा हजारांचे चारशे करण्यासाठी. पण वरची तार खालच्या तारेवर पडली म्हणजे डीपीला वळसा घालूनच वीज घरात शिरली. वेशीवर पहारा आहे आणि चोर घरावरून उतरला, तशातली गत.

आता थोडे आकड्यांचे बोलू. कंटाळा येईल, पण हे समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. आपल्या घरात २३० व्होल्ट असतात. १९५६ च्या वीज नियमांत असे होते की लघुदाबाची वीज ठरलेल्या आकड्यापेक्षा शेकडा सहाहून जास्त वर किंवा खाली जाता कामा नये. म्हणजे २३० ची २४४ च्या आसपास, त्यापुढे नाही. घरातल्या वायरीच्या गुंडाळीवर '११०० व्होल्ट' असे छापलेले आपण पाहिले असेल. याचा अर्थ तिचे प्लास्टिकचे वेष्टन तेवढ्यापर्यंतच्या दाबासाठी केलेले असते. अकरा हजार हा आकडा दोन तारांमधला. एका तारेचा जमिनीशी हिशेब केला तर तो सहा हजार तीनशे पन्नासच्या घरात जातो. अकराशेच्या वेष्टनावर सहा हजारांचा दाब! तो पूर्णच्या पूर्ण घरात येतो असे नाही. वाटेत अर्थिंग भक्कम असेल तर बराचसा जमिनीत जातो, आणि जमिनीत जोराने गेला म्हणजे उपकेंद्रातल्या रिलेला ते कळते आणि ती क्षणात लाइन तोडते. पण अर्थिंग कच्चे असेल, वैशाखात जमीन कोरडी ठणठणीत असेल, तर जमिनीत जाणारा प्रवाह थोडाच राहतो. रिलेला वाटते, कोणाचा तरी पंप चालू झाला. तार कोरड्या मातीवर पडून जिवंत राहते ती यामुळे. हा प्रश्न आपल्याच देशात आहे असे नव्हे. पुढारलेल्या देशांतले इंजिनिअरही या दुबळ्या दोषापुढे हात टेकून आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर एकच चर्चा. एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, "आमच्या टीव्हीचे बटण बंद होते, तरी जळाला कसा?" प्रश्न चांगला आहे. बटण फक्त फेजची तार तोडते. न्यूट्रलची तार सरळ यंत्रात गेलेली असते. एरवी न्यूट्रल गरीब, तिच्यात दाब नाही, म्हणून तिला कोणी अडवीत नाही. पण वरची तार पडली ती न्यूट्रलवर. ज्या दाराला कडी नव्हती त्याच दाराने ती आत आली. फ्यूजचेही तसेच. फ्यूज वितळतो तो प्रवाह जास्त झाला म्हणून. दाब जास्त झाल्याचे त्याला कळत नाही. शिवाय एवढ्या दाबाची वीज छोटी फट उडी मारून ओलांडते. वादळ उठले की यंत्राची पिन भिंतीतून ओढून काढायची, एवढा एकच खात्रीचा उपाय घरातल्या माणसाच्या हातात आहे. बटणावर विसंबू नये.

अकरा हजारांची तार पडणे रोज घडत नाही. त्याहून जास्त वेळा घडते ते न्यूट्रल तुटणे, आणि त्यातही घरे जळतात. ते कसे, हे आम्हाला बरीच वर्षे उमगत नव्हते. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानातून वायरमन परीक्षेचे पुस्तक घेतले, त्यात आकृत्या होत्या, पण डोक्यात शिरेना. मग एकदा गावी जनावरे बांधताना उलगडा झाला. मधे एक खुंटी ठोका, खुंटीला कडे बसवा, आणि त्या कड्यातून तीन दिशांच्या तीन झाडांना तीन दोर बांधा. खुंटी घट्ट आहे तोवर तिन्ही दोर सारख्या लांबीचे. ही खुंटी म्हणजे न्यूट्रल, दोराची लांबी म्हणजे व्होल्ट. आता खुंटी उपटली. ज्या बाजूची ओढ जास्त, तिकडे कडे सरकते. त्या बाजूचा दोर आखूड झाला, समोरचे दोन लांबले. म्हणजे ज्या फेजवर खूप वापर आहे तिथले दिवे मंद होतात, आणि ज्या फेजवर वापर थोडा, तिथे व्होल्ट चारशेच्या दिशेने चढतात. एक दिवा आणि एक टीव्ही एवढेच ज्याच्या घरी आहे त्याचाच टीव्ही जळतो. हे गणित ऐकून आमचा एक कामगार मित्र म्हणाला, "म्हणजे इथेही तसेच!" आम्ही त्याला सांगितले, बाबा रे, हे निसर्गाचे गणित आहे, याला मालक नाही. पण खुंटी कोणी ढिली ठेवली, ते विचारायला हरकत नाही.

विजेचे आणि कामगाराचे नाते जुने आहे, म्हणून थोडे आडवाटेने जातो. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर सूर्य मावळला की गिरणी थांबत असे. दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कामगार चिडले, दगडफेकी झाल्या, सरकारला चौकश्या नेमाव्या लागल्या, आणि शेवटी १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. पुढे १९१५ साली टाटांची खोपोलीची वीज मुंबईत आली आणि गिरण्यांची चाके तिच्यावर फिरू लागली. तेव्हा विजेने आपल्या लोकांची रात्र हिरावली, आणि आज जुन्नर-आंबेगावचा शेतकरी म्हणतो आहे की आम्हाला रात्रीची नको, दिवसाची वीज द्या, कारण रात्री उसाला पाणी द्यायला गेले की बिबट्या. असो.

मूळ मुद्द्यावर येऊ. त्या रात्री तासाभराने एक पोरगा मोटारसायकलवर आला. वय असेल चोवीस-पंचवीस. कंत्राटदाराकडचा वायरमन. पायात साध्या चपला, हातमोजे नाहीत, हातात बॅटरी. लोकांनी त्याला गराडा घातला. कोणी गाडीची किल्ली काढून घेतली, कोणी गचांडी धरली. "आधी नुकसान भरून दे, मग तार जोड." आम्ही मधे पडलो. मधे पडणे हा आमचा धंदाच आहे, पण आजवर मालक आणि कामगार यांच्या मधे पडलो होतो. भाऊबंद आणि कामगार यांच्या मधे पडायची ही पहिलीच वेळ. आम्ही म्हणालो, "याला आठ-दहा हजारांवर राबवून घेणारा कोण आहे ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि जो हाती लागला त्याला धरता!" आमचे थोरले बंधू आमच्याकडे बघत राहिले. त्यांचाही टीव्ही गेला होता, फ्रीज गेला होता. ते एवढेच म्हणाले, "तू तुझ्या युनियनचे बघ."

पोरगा सुटला. खांबाखाली उभा राहून त्याने बॅटरी वर मारली आणि हळूच आम्हाला म्हणाला, "काका, इथे गार्डिंगच नाही."

गार्डिंग म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. एक लाइन दुसऱ्या लाइनला ओलांडून जाते तिथे दोघींच्या मधे तारांची जाळी बांधायची असते आणि ती जमिनीला जोडायची असते. वरची तार तुटली तर ती जाळीत पडते, वीज जमिनीत जाते, लाइन बंद होते. खालच्या घरांना पत्ताही लागत नाही. हे कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाही. १९५६ च्या नियमांत स्पष्ट लिहिले होते की दोन लाइनी एकमेकींना ओलांडत असतील तर त्या एकमेकींना भिडणार नाहीत असे संरक्षण असलेच पाहिजे. आणि उघडी तार रस्त्यावरून किंवा सार्वजनिक जागेवरून जात असेल तर ती तुटल्यावर निर्जीव व्हावी अशीही सोय हवी. पुढे २०१० मध्ये आणि मग २०२३ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नवे विनियम केले, तेव्हाही हे तत्त्व सुटले नाही. जाळीला खर्च तो किती? थोडी लोखंडी तार आणि दोन माणसांचा एक दिवस.

पोरगा म्हणाला, "मी मागल्या पावसाळ्यातच वर सांगितले होते." आम्ही विचारले, "लिहून दिलेस?" म्हणाला, "तोंडी." आता काय बोलावे? जे कागदावर नाही ते झालेच नाही, असे आम्ही तीस वर्षे गेटसभांतून घसा कोरडा करून सांगत आलो. मग आम्ही त्याला म्हणालो, आता तरी लिहून दे, चार ओळी पुरे. तो घाबरला. "काका, कंत्राट मार्चला संपते. नाव आले तर पुढच्या यादीत मी नसेन." त्याच्या चार ओळींनी गावातल्या सतरा घरांचा दावा उभा राहिला असता, आणि त्याचे घर बसले असते. आम्ही रात्रभर ओटीवर पडून होतो. आयुष्यात कामगाराकडून पुष्कळ कागदांवर सह्या घेतल्या, त्यातल्या काही सह्यांनी माणसे कामावरून गेली, आणि ती पुढे बाजारात भेटली की आम्हीच दुसरीकडे बघायचो. सकाळी ठरवले, याच्याकडून सही घ्यायची नाही. दुसरा पुरावा शोधायचा.

पुरावा सापडला तो टोमॅटोच्या वावरात. खांबापासून जवळच आमच्या एका भावकीतल्या शेतकऱ्याचे रान आहे. त्याच्या टोमॅटोच्या मांडवाला बांधलेली तार पाहिली तर गंजलेली, जाड, बाजारात मिळते तशी नव्हे. विचारले तर त्याने आधी विषय बदलला, मग चहा सांगितला. शेवटी म्हणाला, "दोन वर्षांखाली वाऱ्याने जाळी खाली आली. चार महिने तशीच पडली होती, गाईच्या पायात येत होती. कोणी न्यायला आले नाही, म्हणून वापरली." सरकारी माल वापरला म्हणून आपल्यावरच केस होईल, ही त्याला भीती. म्हणजे गार्डिंग होते, पडले, कोणी पुन्हा बांधले नाही, आणि आमच्याच माणसाने त्याच्यावर टोमॅटो चढवले. आता सांगा, दोष कोणाचा?

कायदा याचे उत्तर देतो, आणि ते उत्तर ऐकण्यासारखे आहे. इंग्लंडात एका गिरणीमालकाने गिरणीसाठी तळे बांधले. बांधले कंत्राटदारांनी. खाली जुन्या खाणीची बंद पडलेली बिळे होती, ती त्यांनी बुजवली नाहीत. तळे भरले, पाणी बिळांतून शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरले. मालक म्हणाला, मला ठाऊकच नव्हते, काम कंत्राटदाराचे. १८६८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने निकाल दिला की सुटले तर नुकसान करील अशी वस्तू तू आपल्या जागेत साठवलीस, ती सुटली, जबाबदारी तुझी. हयगय कोणाची हा प्रश्नच नाही. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या नावाने हा खटला वकील मंडळी ओळखतात. पिंपळगाव जोग्याचे धरण आमच्या उशाशी आहे, त्यामुळे आम्हाला तो चटकन कळला.

हेच तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने विजेला लावले, ते जानेवारी २००२ मध्ये, मध्य प्रदेश विद्युत मंडळ विरुद्ध शैलकुमारी या खटल्यात. ऑगस्ट १९९७ ची पावसाळी रात्र. एक कामगार कारखान्यातून सायकलवर घरी निघाला होता. रस्त्यावर पाणी साचलेले, त्यात जिवंत तार पडलेली. ती दिसली नाही, आणि तो जागीच गेला. मंडळाचे म्हणणे असे की कोणी तिऱ्हाइताने आकडा टाकून वीज चोरली होती, त्याची ती तार. आमचा दोष नाही. न्यायालय म्हणाले, इतकी धोक्याची वस्तू तुम्ही लोकांपर्यंत नेता, तेव्हा ती कोणी काढून घेतली तरी तार जिवंत पडून राहू नये हे पाहणे तुमचेच काम. भरपाई कायम झाली. हा निकाल आम्ही भावकीतल्या त्या शेतकऱ्याला वाचून दाखवला. तिऱ्हाइताच्या आकड्याने मंडळ सुटले नाही, तर तुझ्या मांडवाने कसे सुटेल? तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "लिहा माझे नाव." ते त्याने लिहू दिले, याचे श्रेय आम्ही घेत नाही. त्याच्याही घरची मिक्सर आणि पंखे जळालेले होते, पण केवळ तेवढ्यासाठी तो तयार झाला असेही आम्हाला वाटत नाही.

सतरा घरांची यादी आम्ही वहीत केली. प्रत्येक घरी जाऊन काय जळाले, कधी घेतले, पावती आहे का. पावत्या पाच घरांत मिळाल्या. जळालेल्या वस्तू भंगारवाल्याला देऊ नका म्हणून सांगितले, तोवर तीन घरांनी दिल्या होत्या. तलाठ्याला बोलावून पंचनामा केला. अर्ज एक, सह्या सतरा. एकेकट्याने गेले की कचेरीत एकेकट्याला परत पाठवणे सोपे जाते, हे आमचे युनियनचे शिक्षण.

पहिल्या कचेरीत आम्हाला जे विचारले ते अजून कानात आहे. "कोणी मेले का?" आम्ही म्हणालो, देवदयेने नाही. "जनावर?" तेही नाही. मग साहेबांनी फाइल बाजूला ठेवली. आम्हाला राग आला, पण घरी येऊन २००३ चा वीज कायदा उघडला तर माणूस वाईट असला तरी प्रश्न त्याच्या पदरचा नव्हता. कलम १६१ मध्ये अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाला द्यायची, ती माणसाचा किंवा जनावराचा जीव गेला, जखम झाली किंवा तसे होण्याचा संभव होता, तर. 'संभव होता' हे शब्द आम्ही लाल शाईने अधोरेखित करून दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर ठेवले. मीटरची पेटी ज्या ओट्यावर फुटली त्या ओट्यावर पुतण्याची मुले अर्धा तास आधी अभ्यास करीत होती. त्याच कायद्याच्या कलम ४२ मध्ये ग्राहकांसाठी तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. मंचाकडे प्रकरण गेले आहे, तारीख आषाढातली आहे. निकाल काय लागेल ते आज बोलणे योग्य नाही.

आता जे सांगायला आम्ही मुख्यतः उभे राहिलो ते. टीव्ही गेला ते दिसते. भिंतीत गेले ते दिसत नाही. आम्ही नवा मीटर बसवला, दिवे बदलले, फ्रीज दुरुस्त केला आणि पुण्याला परत आलो. तीन आठवड्यांनी, पावसाची झड लागल्यावर, वहिनींचा फोन आला. "भाऊजी, मोरीची भिंत हाताला मुंग्या आणते." आम्ही काय म्हणालो? म्हणालो, "ओल असेल, वहिनी." वीजेवर जागोजागी व्याख्याने देणारा माणूस हे बोलला! वहिनींनी तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा पुतण्याने नळाला टेस्टर लावला. पेटला.

झाले होते ते असे. त्या झटक्यात वायरीचे वेष्टन आत कुठेतरी सुईएवढे फुटले होते. कोरड्या दिवसांत चालून गेले. ओल आली आणि तिथून वीज भिंतीत पाझरू लागली. फ्यूज जाणार नाही, कारण गळती थोडी. पण ओल्या अंगाच्या माणसाला तेवढी पुष्कळ होते. अशी भिंत म्हणजे थेट मरण. अशी गळती पकडणारे यंत्र मिळते, ते मीटरजवळ बसवतात, एक शतांश अँपिअरच्या दोन-तीन पट एवढ्या गळतीला ते वीज तोडते. वरची तार पडली तर ते घर वाचवणार नाही. पण नंतरच्या मुंग्यांपासून माणूस वाचवील. आमच्या घरी ते नव्हते. अर्थिंगचा खड्डाही नव्हता. म्हणजे होता, वडिलांनी मीठ-कोळसा घालून केलेला; अंगणात फरशी घातली तेव्हा आम्हीच तो बुजवला. आणि किटकॅटमधे फ्यूजतारेऐवजी तांब्याच्या वायरीचे चार पदर पिळून घातलेले निघाले. ते कोणाच्या हातचे आहेत हे आम्ही पिळाच्या वळणावरून ओळखले. आमच्या हातचे.

मग वेष्टन तपासायचे कसे? मेगर नावाचे यंत्र असते. मेन बंद करायचा, यंत्रे काढून ठेवायची, आणि वायर व जमीन यांच्यामधे पाचशे व्होल्ट एक मिनिट लावून रोध पाहायचा. निदान एक मेगओहम यायला हवा. आमच्या मोरीच्या वायरीने शून्याजवळ काटा ठेवला. मेगर घेऊन कोण आले होते? तोच पोरगा, सुटीच्या दिवशी, मित्राचे यंत्र मागून. पैसे घेईना.

हे दोष आधी कळत नाहीत का? कळतात, आणि तेही आपल्याच तालुक्यात. खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. डॉ. गोविंद स्वरूपांनी ती उभारली. ती आकाशातले अतिशय क्षीण रेडिओ संदेश ऐकते. पण खांबावर जोड ढिला असला, इन्सुलेटर मळलेला किंवा तडकलेला असला, तर तिथे बारीक ठिणग्या पडतात, आणि त्या ठिणग्यांचा रेडिओ गोंगाट दुर्बिणीला ऐकू येतो. म्हणून तिथली मंडळी ग्राहकयंत्रे घेऊन आसपासच्या लाइनींखालून हिंडतात, कोणता खांब बोलतो ते शोधतात आणि दुरुस्त करवून घेतात. म्हणजे तार तुटण्याआधी कुरकुरते. ताऱ्यांसाठी ती कुरकुर ऐकण्याची सोय आहे. डिंगोऱ्याच्या खांबाखाली ती पोरग्याने ऐकली होती आणि तोंडी सांगितली होती.

ओलांडणीवर नवी जाळी लागली आहे. अर्ज गेल्यावर बाराव्या दिवशी लागली. त्या पोरग्याचे कंत्राट मार्चमध्ये पुढे चालू झाले. आता त्याला हातमोजेही मिळाले आहेत, मात्र ते डाव्या हाताचेच दोन्ही. टोमॅटोच्या मांडवावरची जुनी तार आम्ही पुरावा म्हणून उतरवून घरी माळ्यावर ठेवली आहे. सतरा घरांपैकी नऊ घरांच्या वायरी मेगरने तपासून झाल्या. त्यांतल्या चार घरांत वेष्टन फुटलेले निघाले, आणि त्या चारांतल्या दोघांना कसलाच त्रास जाणवलेला नव्हता. उरलेली आठ घरे मृगाच्या आत करायची आहेत. पोरग्याचा कालच निरोप आला की रविवारी दुपारी तो मोकळा आहे, म्हणून आम्हाला उद्या पहाटेच्या गाडीने गावी निघावे लागेल. कोणाला काही विचारायचे असेल तर आताच विचारावे.